रंगमास्तरांचा रम पंच

माणसाने पंचवीस वर्षं संसार केल्यावर बायकोकडून कसली अपेक्षा ठेवावी, याबद्दल जाणत्या लोकांत एकमत नाही. रंगमास्तरांची अपेक्षा मात्र अगदी साधी होती. त्यांना बायकोच्या तोंडून ‘वा’ ऐकायचं होतं. फार नाही, एकदाच.

बाहेर त्यांना ‘वा’ची वानवा नव्हती. रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्याच्या खोलीचे ते प्रमुख. कुणी जुन्या गाडीच्या दाराचा पोपडा घेऊन यायचं, कुणी पडद्याची चिंधी, कुणी शाळेच्या फाटकाचा गंजका तुकडा. मास्तर तो तुकडा खिडकीपाशी उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे, आणि दुपारपर्यंत हुबेहूब त्याच रंगाचा डबा भरून द्यायचे. मूळ रंगात काय काय होतं, हे त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. नमुना हातात आला की पुढचं डोळे बघून घेतात, असं ते म्हणत. गिऱ्हाईक ‘वा’ म्हणत निघून जायचं, आणि मास्तर घरी यायचे.

घरी पारखीबाई असायच्या. पारखीबाई म्हणजे मास्तरांची बायको. त्यांची नोकरी चहाच्या कंपनीत, आणि कामही चहा चाखण्याचंच. लांबलचक टेबलावर कोऱ्या चहाच्या वाट्या मांडलेल्या असत. बाई चमचाभर चहा भुरकन ओढून घेणार, जिभेवर घोळवणार, डाव्या हाताशी ठेवलेल्या, चाकं लावलेल्या पिकदाणीत थुंकणार आणि शेरा देणार. त्या खोलीत शेरे तीनच चालत: ‘नको’, ‘बरं आहे’ आणि ‘वा’. यातला तिसरा कित्येक वर्षांत कुणाच्या कानावर आला नव्हता. आता दिवसभर हेच करणारी बाई संध्याकाळी घरी आल्यावर वेगळी कशी वागणार? मास्तरांनी लग्नानंतर आणलेली पहिली शाल, बरं आहे. कर्ज काढून घेतलेलं घर, बरं आहे. मुलगी झाली तेव्हासुद्धा बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, ‘बरं आहे’ म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

मास्तरांनी हे सगळं पंचवीस वर्षं गोड मानून घेतलं होतं. पुढेही घेतलं असतं. पण मध्येच बाईंचा धाकटा भाऊ रजेवर आला.

हा धाकटा एका प्रवासी जहाजावर बारच्या काउंटरमागे उभा असतो. रजेवर आला की बहिणीकडे एक मुक्काम ठरलेला. माणूस लाख, पण एक खोड आहे. फ्रिज दिसला की उघडायचा, आणि उघडला की आतलं काहीतरी संपवायचं. त्या शनिवारी मात्र तो उलट भरल्या हाताने आला होता. संत्री, अननस, लिंबं, डाळिंबाचं सरबत, दोन तऱ्हांची रम आणि एक जायफळ घेऊन तो स्वयंपाकघरात शिरला, थोडा वेळ खुडखुड केली, आणि बर्फ वाजणारे चार ग्लास घेऊन बाहेर आला.

“रम पंच,” तो म्हणाला. “ताई, तू आधी.”

बाईंनी सवयीने भुरका मारला. घोळवला. डावीकडे वळल्या, पण थुंकल्या नाहीत. चक्क गिळला. डोळे मिटले आणि म्हणाल्या, “वा.”

मास्तरांच्या हातातला ग्लास हातातच राहिला.

“काय म्हणालीस?”

“कुठे काय?”

“आत्ता. तू काहीतरी म्हणालीस.”

“वा म्हणाले.”

“कशाला?”

“अहो, चांगला झालाय म्हणून. घ्या की तुम्ही पण.”

मास्तरांनी घेतला. चांगला झाला होता, त्याला ते तरी काय करणार? पण त्या घोटाबरोबर त्यांच्या छातीत जे काही पेटलं, ते नुसत्या रमने पेटणारं नव्हतं. पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हा पोरगा चार लिंबं पिळून घेऊन गेला. पुढच्या शनिवारी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. चाखण्याच्या खोलीतली मंडळी जेवायला यायची होती. मास्तरांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं, “पुढच्या शनिवारी पंच मी करणार.”

लेक नुकतीच वकील झाली होती आणि घरातल्या प्रत्येक विधानाला पुरावा मागत असे. तिने विचारलं, “बाबा, तुम्ही आजवर काय काय केलंय स्वयंपाकघरात?”

“पाणी गरम केलंय,” बाई म्हणाल्या. “एकदा.”

“भाऊजी, कृती सांगू का?” धाकट्याने विचारलं. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं.

“नको,” मास्तर म्हणाले. “माझी माझी पद्धत आहे.”

पद्धत अशी, की सगळे जेवणाच्या तयारीला लागल्यावर मास्तरांनी आपल्या ग्लासातला उरलेला पंच एका छोट्या बरणीत ओतला, झाकण घट्ट लावलं आणि बरणी फ्रिजच्या दारात ठेवली. (या बरण्या कारखान्यातल्या. नमुने ठेवायच्या, पक्क्या झाकणाच्या. जुन्या झाल्या की मास्तर घरी आणत, आणि मग त्यांत घरातलं काहीही राही.) नमुना ताब्यात आला. आता उरलं फक्त जुळवणं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोण होता? त्या रात्री मास्तरांना इतकी आनंदाची झोप लागली, की बाहेरच्या खोलीत झोपलेल्या धाकट्याने किती वेळा फ्रिज उघडला तेही त्यांना कळलं नाही.

तो आठवडा मास्तरांनी हवेतच काढला. कामावर ते शिटी वाजवू लागले. एका गिऱ्हाइकाला राखाडी रंग हवा होता, त्याला त्यांनी नारिंगी किती छान दिसेल हे सांगून पाहिलं. मंगळवारी जेवताना बाई बराच वेळ काही बोलत होत्या. त्यांनी स्वतः चार तऱ्हांचा चहा एकत्र करून एक मिश्रण जुळवलं होतं, अगदी पहिल्यांदाच, स्वतःच्या मनाने.

“उद्या थोरल्यांपुढे ठेवतेय,” बाई म्हणाल्या. थोरले म्हणजे चाखण्याच्या खोलीतले सर्वांत वरचे. “त्यांना पसंत पडलं तर सोमवारी मोठ्या गिऱ्हाइकाला माझं मिश्रण दाखवतील. पण त्यांची पसंती म्हणजे ‘वा’. तो तर त्यांनी माझ्यासमोर कधी म्हटलेला नाही. एक डबा घरी आणून ठेवलाय. आणि थोडासा करून फ्रिजमध्येही—”

“फ्रिजवरून आठवलं,” मास्तर म्हणाले. “अननस ठेवायला जागा लागेल.”

“अहो, तुम्ही ऐकताय ना?”

“हं.”

बुधवारी बाई घरी आल्या त्या गप्पगप्पच होत्या. मास्तरांनी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाल्या, “थोरले ‘बरं आहे’ म्हणाले.” मास्तरांना वाटलं, मग चांगलंच आहे की, आणि ते अननसाचे भाव सांगू लागले. (माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या डोक्यात तेव्हा एकच रंग होता.)

शनिवार उजाडला. बाईंना संध्याकाळपर्यंत काम होतं, आणि जेवण बाहेरून यायचं होतं. त्या बाहेर पडल्या तसे मास्तर कामाचा पांढरा कोट घालून स्वयंपाकघरात उतरले. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं त्यांना लहान वाटलं, म्हणून त्यांनी कारखान्यातून एक कोरा करकरीत डबा आणला होता. आत कधी रंगाचा थेंब पडलेला नव्हता, पण बाहेर छापलेलं होतं: ‘बाहेरील भिंतींसाठी. वापरण्यापूर्वी नीट ढवळा.’

“यातून पाहुण्यांना देणार?” लेकीने विचारलं.

“तू त्याला छानपैकी नॅपकिन गुंडाळ. आणि ती बरणी दे फ्रिजमधली.”

लेकीने बरणी दिली. मास्तरांनी ती खिडकीशी धरली आणि त्यांचे डोळे बारीक झाले. आत नारिंगी असं काही नव्हतंच. तांब्याच्या भांड्यासारखा लालसर तपकिरी रंग, आणि तोही जरा गढूळ.

“बाबा, तो पंच असा होता?”

“फळांचे रंग टिकत नाहीत गं. हवा लागते, उतरतात. हा आता खरा मुरलेला रंग. आणि गढूळ दिसतंय तो अननसाचा गर.”

“पण हा नमुना तोच कशावरून?”

“मीच ठेवला होता म्हणून.”

“नंतर आठवडाभर कुणाच्या ताब्यात होता?”

“फ्रिजच्या.”

“हा पुरावा टिकणार नाही, बाबा. निदान चाखून तरी बघा.”

मास्तरांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. नमुना तोंडात घालायचा नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. ज्याने तो पाळला नव्हता अशा एका सहकाऱ्याला भेटायला ते दवाखान्यात जाऊन आले होते. वासाचं म्हणाल, तर टर्पेंटाइनने त्यांचं नाक केव्हाच निकामी केलं होतं. राहिले डोळे, आणि डोळ्यांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

त्यांनी संत्र्याचा रस ओतला. अननसाचा ओतला. डाळिंबाचं सरबत थेंबाथेंबाने सोडलं, कारण लाल रंग भलता जोरकस असतो. लिंबाने मात्र रंगात काही फरक पडत नाही, तेव्हा त्याचं माप ठेवण्याचं कारणच नव्हतं. हाताला लागली तेवढी सगळी लिंबं त्यांनी पिळून टाकली. मग रम. मग त्यांनी अडगळीतून ड्रिल मशीन आणलं, त्याला स्वच्छ धुतलेलं स्टीलचं पातं बसवलं आणि डब्यात घालून बटण दाबलं.

कारखान्यात हे काम झाकण लावून करतात. ते मास्तरांना बटण दाबल्यानंतर आठवलं. पंच डब्यातून उठला, गोल फिरला आणि थेट छताला जाऊन लागला. लेक टेबलाखाली गेली. मास्तरांच्या चष्म्यावरून नारिंगी ओघळ खाली आले. ते पुसत ते म्हणाले, “एकजीव झालंय बघ.”

खरी लढाई पुढेच होती. डब्यातलं सगळं टवटवीत नारिंगी, आणि बरणीतलं तपकिरी. मास्तरांनी पांढऱ्या बशीवर एक ठिपका डब्यातला लावला, शेजारी एक बरणीतला. जमिनीअस्मानाचा फरक होता. त्यांनी काळी रम वाढवली. पुन्हा ठिपका. आणखी रम.

“रमनेच रंग आणायचा असेल,” लेक म्हणाली, “तर पाहुण्यांच्या अंथरुणांची सोय बघते.”

मग साखर जाळून घातली. ठिपका. बशा संपल्या तेव्हा मास्तर ठिपके फ्रिजच्या दारावर लावू लागले. मग भिंतीवर. दुपार टळत चालली होती आणि त्यांच्या अंगात भलताच उत्साह संचारला होता. कोट बरबटला होता, केस चिकट झाले होते, आणि अडून बसलेला रंग समोर असला की ते नेहमीच असे खुलत. एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारला. “चहा! कोऱ्या चहाचा रंग हवाय याला.”

रोजच्या डब्यातला चहा उकळून घातला. रंग मळकट आला. मास्तरांनी कपाट उघडलं. सगळ्यांत वरच्या फळीवर, मागे, एक चंदेरी डबा होता. वर काही लिहिलेलं नव्हतं. ऑफिसचे नमुने बाई नेहमीच आणत, आणि ते पडून राहत. मास्तरांनी चमचाभर पत्ती गरम पाण्यात टाकली, आणि पाण्यात जो रंग उतरला तो पाहून त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. तांबूस, झगझगीत, नितळ. त्यांनी थोडा घातला, ठिपका लावला. जवळ आलं. आणखी घातला. आणखी जवळ. चंदेरी डबा पार पालथा केला तेव्हा कुठे बशीवरचे दोन ठिपके एकमेकांत असे मिसळले, की कोणता कुठला हे सांगता येईना.

“बघ,” मास्तर म्हणाले. “बघ, तंतोतंत.”

लेकीने पाहिलं. पुराव्याबद्दल ती या वेळी काही बोलली नाही. रंग खरोखरच जुळला होता.

बाई आल्या त्या पाहुण्यांना बरोबर घेऊनच. दारातच त्यांनी वर पाहिलं.

“अहो, हे छत—”

“ते नंतर. या, या, बसा.”

थोरले बसले. उंच, वाळके, कमी बोलणारे. त्यांच्याबरोबर चाखण्याच्या खोलीतल्या दोघीजणी होत्या. मागोमाग धाकटाही आला आणि सवयीने फ्रिज उघडून पाहून परत आला. नॅपकिन गुंडाळलेला डबा टेबलावर मध्यभागी आणला गेला. मास्तरांनी डावाने ग्लास भरले, बर्फ टाकला, जायफळ किसलं. पहिला ग्लास बाईंनाच द्यायचा होता, पण बाई आत ताटांकडे गेल्या होत्या, म्हणून तो थोरल्यांना गेला.

थोरल्यांनी ग्लास उजेडात धरला. मास्तरांना बरं वाटलं. हुंगला. मग असा भुरका मारला की खिडकीचं तावदान थरथरलं. तोंडातल्या तोंडात घोट फिरवला, मान डावीकडे वळवली, आणि तिथे जी फुलदाणी होती तीत थुंकले.

मास्तर कोचाच्या हाताला धरून उभे राहिले. तोवर दोघींपैकी एक कुंडीत थुंकली होती आणि दुसरी छत्र्या ठेवायच्या नळकांड्यात.

“बाबा, सवय आहे ती त्यांची,” लेक कुजबुजली.

“तिघांनाही एकदम?”

(बायको रोज हेच करते, हे त्यांना पाठ होतं. पण आपल्या हातचं कुणी थुंकलं की माणूस पाठ केलेलं विसरतो.)

धाकट्याने एक घोट घेतला. गिळला. मग ग्लासात खाली वाकून पाहिलं. “भाऊजी, हा माझा पंच नाही.”

“थोडा फरक असेल.”

“थोडा?”

एवढ्यात थोरल्यांनी अर्धा झालेला ग्लास पुढे केला. “आणखी,” ते म्हणाले. मास्तरांनी भरून दिला. थोरल्यांनी भुरका मारला, घोळवला, डावीकडे वळले. आणि मग त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

“गिळला,” त्या दोघींपैकी एक दुसरीला म्हणाली.

“थोरल्यांनी गिळला,” दुसरी म्हणाली आणि तिने पहिलीचा हात धरला.

“वा,” थोरले म्हणाले.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हे सुखाचे काजवे होते. बायकोचा नाही तर नाही, तिच्या साहेबाचा ‘वा’ तरी आज पदरात पडला होता, आणि तोही तिच्या घरात. बाई ताटं घेऊन दारात उभ्याच होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. मास्तरांनी कोट नीट केला. “त्याचं काय आहे, साहेब, शेड जुळवताना आम्ही—”

“यात चहा आहे,” थोरले म्हणाले. “कुणाचा?”

“चहा? तो रंगापुरता.”

“रंगापुरता?” थोरल्यांनी पुन्हा एक घोट घेतला. “फळं बाजूला ठेवा. रम बाजूला ठेवा. खाली जो चहा आहे ना, माझा ‘वा’ त्याला.”

बाईंनी ताटं खाली ठेवली. डब्यातून चमचाभर पंच घेतला, भुरकला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या स्वयंपाकघरात धावल्या आणि रिकामा चंदेरी डबा घेऊन आल्या.

“अहो. हा डबा.”

“ऑफिसचा नमुना होता ना? पडूनच होता.”

“माझं मिश्रण होतं ते. मंगळवारी सांगितलं तुम्हाला.”

“मंगळवारी?”

“तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

मास्तरांना मंगळवार आठवेना, पण अननस आठवला, आणि मग हळूहळू बाकीचंही. बायकोने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं म्हणून काही जुळवलं होतं, आणि ते त्यांनी रमच्या डब्यात ओतलं होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल की आणखी काही, या धास्तीने ते टेबलामागे सरकले.

थोरले सावकाश उठले. “म्हणजे हे तू बुधवारी माझ्यापुढे ठेवलंस ते? ज्याला मी—”

“‘बरं आहे’ म्हणालात.”

थोरल्यांनी छताकडे पाहिलं. छताकडे पाहूनच ते म्हणाले, “बुधवारी मला सर्दी होती.”

दोघीजणी जागच्या जागी थिजल्या. चहा चाखणाऱ्याने सर्दी कबूल करणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे त्या खोलीत फक्त त्यांना आणि बाईंना कळलं. “सोमवारी गिऱ्हाइकापुढे हेच ठेवायचं,” थोरले म्हणाले. “मी ‘वा’ म्हणालोय.”

बाईंचा चेहरा असा उजळला, की मास्तरांना लग्नातला तो चेहरा आठवला. पुढच्याच क्षणी त्या भानावर आल्या. “माप पाठ आहे, उद्या पुन्हा जुळवते. फक्त ताडून बघायला थोडा चहा हवा. फ्रिजच्या दारात ठेवलाय मी एका बरणीत. चांगला चहा गार झाला की किंचित गढुळतो, ते बघायला ठेवला होता.” आणि त्या फ्रिजपाशी जाऊन म्हणाल्या, “अहो, इथली बरणी कुठे गेली?”

“ती तर माझी,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या खिशातून बरणी काढली. सगळं गेलं तरी एवढं एक त्यांच्या हक्काचं होतं. “हा धाकट्याच्या पंचाचा नमुना. यावरूनच तर सगळं जुळवलं.”

बाईंनी झाकण उघडलं, हुंगलं आणि बरणी थोरल्यांकडे दिली. थोरल्यांनी थेंबभर जिभेवर घेतला.

“चहा,” ते म्हणाले.

धाकटा खाकरला. “भाऊजी, छोटी बरणी ना, दारातली? पंचाची? ती मी त्याच रात्री संपवली.” मग त्याला वाटलं आपण फारच वाईट दिसतोय, म्हणून त्याने पुढे जोडलं, “पण नंतर धुऊन ठेवली होती.”

“धुतलेली दिसली,” बाई म्हणाल्या, “म्हणून मी तीत चहा ठेवला.”

सगळ्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता, आणि तो सगळ्यात शेवटी मास्तरांच्या डोक्यात पुरा झाला. दिवसभर खपून, बशा, फ्रिज, भिंत आणि छत रंगवून, त्यांनी चहाशी चहा जुळवला होता.

“मी म्हटलं होतं,” लेक म्हणाली, “पुरावा टिकणार नाही.”

बाईंनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा छताकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या कोचावर बसल्या, पदर नाही म्हणून नॅपकिनच तोंडाला लावला, आणि तो डब्याचा असल्यामुळे ‘बाहेरील भिंतींसाठी’ उघडं पडलं. ते वाचून थोरलेसुद्धा हसले.

“पण भाऊजी,” धाकट्याने डोळे पुसत विचारलं, “रंग तरी जुळला का?”

मास्तर ताठ उभे राहिले. “तंतोतंत,” ते म्हणाले.

“वा,” बाई म्हणाल्या.

हा ‘वा’ कोणत्या जातीचा होता, हे मास्तरांना कळलं नाही असं नाही. पण पंचवीस वर्षांची उधारी होती. त्यांनी तो निमूटपणे घेतला आणि खाली बसले.

रविवारी सकाळी मास्तर शिडीवर चढून ओल्या फडक्याने छत पुसत होते. बाई आत नवं मिश्रण जुळवून आल्या होत्या. ते बरणीतल्या चहाशी बरोबर जमलं होतं, आणि त्या गाणं गुणगुणत होत्या. येताना डब्याच्या तळाशी उरलेला पंच त्यांनी ग्लासात ओतून आणला होता.

“थोरल्यांनी गिळला हो,” त्या म्हणाल्या. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

बायकोला इतकी खूश पाहून मास्तरांना भरून आलं. आपलं हसं झालं ते झालं, पण हा आनंद घरात आला तो आपल्याच डब्यातून, असं त्यांना वाटलं. ते शिडीवरून थोडे वाकले. “एक खरं सांगशील? चहा तुझा, रंग चहाचा, पंच धाकट्याचा. पण त्यात माझा हात थोडा तरी होता ना?”

बाईंनी भुरका मारला. घोळवला. मास्तरांचं फडकं हवेतच थांबलं. बाईंनी गिळला.

“होता ना,” त्या म्हणाल्या. “लिंबं तुम्हीच पिळलीत ना?”

“मीच. सगळी.”

“ती जरा जास्त झाली आहेत.”